अध्यक्षांना अनुमोदन

३ जानेवारी १९८१

अनुमोदन! आणि मी द्यायचं! प्राचार्यांनी बोलावून बसायला खुर्ची दिली तेव्हाच ओळखायला हवं होतं. विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानमाला यंदा आमच्या कॉलेजात. विषय – समाज आणि राजकारण. राज्यशास्त्र शिकवतो मी, पण बोलणार बाहेरचे. पहिलंच व्याख्यान 'सामाजिक न्याय'. अध्यक्ष कोण, तर संस्थेचे उपाध्यक्ष भगवानराव! माझा सहकारी बन्सीधर त्यांचं नाव सुचवणार, मी उठून 'अनुमोदन देतो' म्हणायचं आणि बसायचं. "तुमच्या तोंडून जास्त शोभून दिसंल," म्हणाले प्राचार्य. शोभून!

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं म्हणून अठ्ठ्याहत्तरला गावात आमची वस्ती पेटवली, तेव्हा पुढे हेच भगवानराव होते. मी एम.ए.ला औरंगाबादेत. आईनं डोळ्यांनी पाहिलं. खटला अजून चालू आहे. आरोपी जामिनावर, आणि आता अध्यक्षपदावर.

५ जानेवारी

पेंटर फलक रंगवायला आला. "विद्यापीठाचं नाव काय टाकू साहेब?" प्राचार्य म्हणाले, "नाव कशाला? नुसतं विद्यापीठ लिही. झंझट नको." कापडावर जागा मात्र भरपूर होती.

९ जानेवारी

आईला सांगितलं. भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"मंग? काय करनार तू?"

"देणार नाही."

"आन् नोकरी?"

नोकरी! दर एप्रिलला काढतात, जूनमध्ये परत घेतात. यंदा कायम करतो म्हणून आशेवर ठेवलंय. मी म्हणालो, गेली तर गेली, तू फक्त साक्षीला भिऊ नकोस. तिनं भाकरी तव्यावर टाकली. वस्तीतला मुंजाजीकाका साक्षीत फिरला, सगुणाबाई फिरली. गावात राहायचंय त्यांना, मी दोष देत नाही – खोटं! देतो, रोज देतो. आता एकटी आई उरली आहे. ती फिरली तर सगळे सुटतील. तारीख फेब्रुवारीत.

१२ जानेवारी

बन्सीधर म्हणतो, "दोन शब्द तर हायत गड्या. जीभ झडती का तुझी?" त्याचं घर नाही जळलं. त्याची जीभ कशाला झडेल!

१९ जानेवारी

झालं एकदाचं.

भगवानराव आधीच अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते, नाव नंतर सुचवलं. बन्सीधर सुटला – शिक्षणमहर्षी काय, दीनदुबळ्यांचे कैवारी काय! मग माझं नाव पुकारलं. उठलो नाही. पुन्हा पुकारलं. माना वळल्या. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा. तेव्हा उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं अनुमोदन नाही." आवाज चिरका निघाला, पण निघाला!

मग मागून कोणीतरी ओरडलं, "हाय हाय, अनुमोदन हाय!" की टाळ्या. विषय संपला. औरंगाबादचे वक्ते न्यायावर तासभर बोलले. चांगलं बोलले, त्याचंच जास्त वाईट वाटलं. भगवानरावांनी त्यांना शाल घातली, नारळ दिला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तरुण रक्त हाय. आपल्याला राग न्हाई." घरी येऊन सदरा भिजत टाकला.

आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, पाठीवरून हात फिरवील. "जेवून घे," म्हणाली.

२० जानेवारी

प्राचार्य बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही. नका बसू!

२४ जानेवारी

घरी आलो तर चुलीपाशी दोन कपबशा. मी नसताना बन्सीधर येऊन गेला.

"काय म्हणत होता?"

"काय न्हाई. तुझी चौकशी करायलता."

"मग?"

"मंग काय? च्या पिला, गेला."

कपबशा विसळल्या तिनं. थोड्या वेळानं त्याच पुन्हा विसळायला घेतल्या. वय झालं, विसरते हल्ली.

२ फेब्रुवारी

कायम! प्राचार्यांनी स्वतः हुकूम हातात दिला, वर हसले. "आईसाहेबांना नमस्कार सांगा." घाबरले लेकाचे! एकदा तोंडावर नाही म्हणणारा भेटला की कशी तंतरते यांची! उगाच स्टेशनपर्यंत चालत गेलो, पिंगळीकडची गाडी जाईपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो. येताना पेढे आणले.

आईनं पेढा बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला. स्वतः खाल्ला नाही.

"आनंद नाही झाला तुला?"

"झाला की. लय झाला."

आणि पदर तोंडाला लावून आत गेली. जन्मभर सोसलं तिनं. चांगलं काही घडलं तरी आधी रडूच येतं. आता साक्ष झाली की पांग फिटतील.

१६ फेब्रुवारी

साक्ष झाली.

सरकारी वकिलांनी विचारलं, पेटवणाऱ्यांपैकी इथं कोण आहे? आईनं भगवानरावांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खाली.

"धूर लय व्हता सायेब. मला कोनीच दिसलं न्हाई."

भगवानरावांच्या मागं बन्सीधर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. तेव्हा कळलं. मी नाकारलेलं तिनं देऊन टाकलं होतं, माझ्यासाठी, चहाच्या एका कपावर. आणि मी पेढे वाटले!

घरी आलो. दारात चपला काढताना तिनं विचारलं, "उद्या तास हाय ना तुझा?"

हो म्हणालो.