पऱ्हाटीच्या फुलाचा रंग

नांदुरा, ता. ५ जानेवारी १९३५

दुपारच्या गाडीने देवधर उतरले. मुंबईच्या कशिदा-रेशमाच्या कंपनीचे फिरते एजंट. तीन वर्षं माझ्या दुकानाला रेशीम यांच्याकडूनच घेतो. आज माल खपवायला नव्हे, मलाच उचलायला आले होते. म्हणे कंपनीला आता दुकानांवर भरवसा नाही. बायकांच्या घरी जायचं, बसायचं, टाके काढून दाखवायचे, तिथल्या तिथे ऑर्डर घ्यायची. वऱ्हाडासाठी असा माणूस हवा. त्याला डिमॉन्स्ट्रेटर म्हणायचं. कोट, बिल्ला, पत्र्याची पेटी, साठ रंगांचं कार्ड. अट एकच, दुसरा कसलाही धंदा करायचा नाही. म्हणजे दुकान बंद.

"टाके येतात ना, गणपतराव?"

येतात. आई लोकांच्या चोळ्यांवर कशिदा काढायची, मी शेजारी चिंधीवर गिरवायचो. साखळी, गहू टाका, उलटी टीप, सगळं. मोठेपणी चारचौघांत कधी सुई धरली नाही, ते निराळं.

उत्तर २८ ला. नागपूरहून परतताना त्यांची गाडी इथं थांबेल, तेव्हा फलाटावर.

ता. ६

रामभाऊ अडत्याला सांगितलं. कापसाच्या बाजारातला माणूस, पोटात काही ठेवत नाही.

"काय म्हनतं? दे-मास्तर? म्हंजे दारोदार दे दे करत फिरनारा मास्तर!" हसता हसता खोकला लागला त्याला. पाणी दिलं. मग जरा गंभीर होऊन, "पाठीवर पेटी घेऊन फिरत होता तू. किती वर्षांनी गादीवर बसला. आता उठून काऊन जातं बे?"

मी पेला विसळायला उठलो. 

सौ.ला सांगितलं. "बायकांत बसून शिवणार?" एवढंच बोलली. पण भाकरी थापायचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता.

ता. ९

गिऱ्हाईक नाही. जुनं आठवत बसलो.

धाड गावचा बाजार. तेव्हा मिशी फुटत होती. पाठीवर लाकडी पेटी, सुया, गुंड्या, पोत, रेशमाच्या लडी. बाजार उठला की गावात शिरायचो. मोठ्या घरच्या बायका बाजारात येत नसत. ओट्यावर बसायचं, दार अर्धं लोटलेलं, आत त्या. चेहरा एकीचाही पाहिला नाही. बांगड्यांवरून कळायचं, नवी सून की सासू. आवाजावरून कळायचं, घ्यायचंय की नुसतं पाहायचंय. दोघी कुजबुजल्या की सुनेला लडी पसंत आहे पण सासूची परवानगी नाही, हे मी बाहेर बसून सांगितलं असतं.

आणि रंग! जवसाच्या फुलाचा निळा द्या. करडीचा द्या. ओल्या वैरणीचा द्या. कच्च्या अंबाडीचा द्या. मी वाटेनं चालताना शेतं पाहत जायचो ती त्याचसाठी. कोणत्या रंगाला काय म्हणतील याचा अभ्यास. शाळा दुसरीपर्यंत, पण या परीक्षेत कधी नापास झालो नाही.

खरं तर जायचंय ते तिथं, त्या ओट्यांवर. रामभाऊला हे सांगता आलं नसतं.

ता. १३

हसावं का रडावं.

देवधरांनी मागल्या महिन्यात मोताळ्याच्या एका पाटलांकडे लग्नाच्या चोळ्यांसाठी ऑर्डर घेतली होती. पार्सल माझ्या दुकानावर आलं. आज नवरीची आत्या न्यायला आली. उघडलं तर बारा लडी, सगळ्या पांढऱ्याशुभ्र.

आत्या लालबुंद. "हे काय हो? नवरीच्या चोळीले पांढरं? कोनी सांगलं तुमाले?"

"तुम्ही काय मागितलं होतं?"

"पऱ्हाटीच्या फुलाचा रंग!"

झालं. मुंबईच्या माणसानं ऐकलं पऱ्हाटी, त्याच्या डोळ्यापुढं आला कापूस, लिहिलं पांढरा. कपाशीच्या झाडाला बोंडाआधी फूल येतं, हे त्याला कोण सांगणार! आणि फूल म्हटलं तरी विचारावं लागतं, आजचं की कालचं? आज उमललेलं पिवळं, कालचं लाल पडलेलं.

मी विचारलं. आत्या पटकन शांत झाली. "कालच्या. आता बोलले तुम्ही!" दुकानात होत्या त्या लडी देऊन बोळवण केली. पांढऱ्या परत.

ता. १८, बुलढाणा

देवधरांच्या पत्राप्रमाणे नमुन्याचा एक कार्यक्रम. सर्व्हिसच्या मोटारीनं आलो. इथल्या एका वकिलांचं घर. संध्याकाळी हळदीकुंकू, त्याआधी दुपारी माझा प्रयोग.

ओट्यावर बसायला गेलो तर वकीलसाहेब म्हणाले, "अहो तिथं काय, आत या," आणि खुर्ची दिली. समोर आठ-दहा बायका, शिकलेल्या, एक मास्तरीण. सगळ्या समोर! मलाच कुठं पाहावं कळेना. नजर सुईवर ठेवून पहिला टाका घातला. गहू टाका काढला तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगबाई, आमच्यापेक्षा सुबक!" मग सैल झालो, दोन विनोद केले, चालले.

पण रंगाची वेळ आली तशी त्यांनी कार्डच ओढून घेतलं. "सतरा नंबर. एकतीस नंबर. चाळीसच्या दोन." दहा मिनिटांत ऑर्डर पुरी. मला विचारायला काही उरलंच नाही.

उठणार, तेवढ्यात माजघराच्या दाराआडून म्हातारा आवाज. वकिलांच्या आई. "भाऊ, मले पऱ्हाटीच्या फुलाचा पाहिजे."

तोंडून निघून गेलं, "आजच्या का कालच्या?"

आत पावलं दाराजवळ आली. मग, "तुम्ही धाडले येत होते न? लाकडी पेटीवाले?"

"हाव. तुम्ही बारवेजवळच्या घरच्या. लडी दोनदा परत करायच्या, तिसऱ्यांदा घ्यायच्या."

खळखळून हसल्या. "सासू होती न घरात, बापा! दोनदा परत केल्याशिवाय घेऊ देत नव्हती." मग सुनेला सांगितलं, चहा दे यांना, आपल्या गावचे आहेत. दाराबाहेर मात्र आल्या नाहीत. मीही मान वळवली नाही. लग्न होऊन त्या धाडला आल्या तेव्हा बांगड्या किती वाजायच्या, ते आठवलं. आज एकही वाजली नाही.

ता. १९

घरी. सौ.ला सगळं सांगितलं. तिनं डाळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"म्हणजे दाराआड एकच होती."

"एकच."

"अन् ती तरी किती दिवस?"

बाईनं चार शब्दांत हिशेब संपवला. पण मग स्वतःच म्हणाली, "हसत आलात मात्र. लई दिवसांनी." आणि डाळीत डोकं घातलं.

ता. २४

मुंबईहून पत्र. मी कळवलं होतं की कार्डावर नंबराशेजारी आमच्याकडची नावं छापा. करडी, जवस, पऱ्हाटी (आज), पऱ्हाटी (काल). उत्तर: सूचना रोचक आहे. तथापि प्रतिनिधीने ग्राहकांस नंबराचीच सवय लावावी, नावांमुळे चुका होतात.

नावांमुळे!! बारा पांढऱ्या लडी कोणाच्या नावावर.

रामभाऊला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणे, "तुले पगार देऊन तुहीच जीभ कापून राह्यले." रामभाऊ कधी कधी बरोबर बोलतो, तेव्हा फार राग येतो.

पण रागावून ठेवलेलं पत्र संध्याकाळी पुन्हा काढलं. कोटाच्या मापाचा कागद सोबत आहे. छाती, बाही, उंची. भरला नाही. फाडलाही नाही.

ता. २८

स्टेशनवर गेलो. देवधर खिडकीत.

"काय ठरलं?"

"तुमच्या साहेबांना विचारा, बोलताना तरी रंगांची नावं घेऊ द्याल का? कागदावर नंबर लिहीन."

"विचारतो. पण तुम्ही येणार ना?"

"आधी विचारा."

"गणपतराव, ते मला आधी तुमचं विचारतील!" शिट्टी झाली. "आठ दिवसांत कळवा," ओरडले. गाडी गेली.

परत येताना बाजाराच्या रस्त्यानं न येता मागच्या गल्लीनं आलो. का, ते माहीत नाही. एका ओट्यावर म्हातारी गोधडी घेऊन बसलेली. ओळख ना पाळख. "भाऊ, दोरा ओवून देता का? मले दिसत नाही."

बसलो ओट्यावर. दोऱ्याचं टोक ओलं केलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. चष्मा दुकानात. तिसऱ्यांदा सुईचं नेढंच दिसेना, नुसतं ऊन दिसत होतं. म्हातारी वाट बघतेय. डोळे मिटले, आई करायची तसं बोटानं नेढं चाचपलं, ओवला.

"जमते तुमाले," म्हणाली.

घरी आलो. सौ.नं विचारलं, काय झालं? म्हटलं, आठ दिवस आहेत. सुईचं सांगितलं नाही. दिसेना झालं म्हणून सांगावं, की डोळे मिटून ओवला म्हणून, तेच अजून ठरत नाही.