शेजारच्या दारावरचं पोस्टर

५ मार्च, मंगळवार
वर्ग मिळाला! अकरा वर्षं मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे लागले होते, आज सही झाली — अकरावी-बारावीसाठी प्रगत चित्रकला! अट एकच, निदान दहा अर्ज हवेत. शेजारच्या वर्गातल्या इंग्रजीच्या सरांनाही तेच : प्रगत इंग्रजी, दहा अर्ज. दोन्ही तास एकाच वेळी, म्हणजे मुलांनी एकच काय ते निवडायचं. दहा जमले नाहीत तर पुन्हा पाचवीला कागदाच्या होड्या शिकवायच्या आहेतच.
आईला सांगितलं. "दहाच ना? माझ्या वॉर्डात चाळीस असायचे." जन्मभर नर्स होती, तिला सगळं त्याच मापानं दिसतं. पेशंट आपणहून येतात, आई!

७ मार्च, गुरुवार
माहितीपत्रकासाठी परिच्छेद लिहायचाय आणि वर्गाच्या दारावर पोस्टर लावायचंय. पोस्टर माझ्या हातचा मळ. परिच्छेद म्हणजे डोक्याला ताप! तीन तास बसून लिहिलं, "या अभ्यासक्रमात पेन्सिल, जलरंग व इतर साहित्याचा सखोल अभ्यास करण्यात येईल." आईनं चष्मा लावून वाचलं. "औषधाच्या खोक्यातला कागद वाटतोय. दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

८ मार्च, शुक्रवार
स्टाफरूममध्ये सर स्वतःचं पोस्टर रंगवत बसले होते. उघडं पुस्तक काढलं होतं म्हणे. मला उशी वाटली. तसं बोलूनही गेले — माझ्या जिभेला हाड नाही! रागावतील असं वाटलं, तर खो खो हसत सुटले. मग म्हणाले, "बाई, अदलाबदल करू या का? माझं पोस्टर तुम्ही काढा, तुमचा परिच्छेद मी लिहितो."
ठरलं.

११ मार्च, सोमवार
सरांचा परिच्छेद आला. त्यातलं हे : "रोज ज्या जिन्यावरून धावत येता, त्याच्या पायऱ्यांचा रंग आठवतो का? आठवत नसेल तर या वर्गात या. आठवत असेल तर लवकर या."
घरी निघताना जिन्यात थांबून पायऱ्या पाहिल्या. अकरा वर्षं राखाडी समजत होते. निळसर आहेत!
इतकं छान लिहून दिल्यावर मी हात आखडता कसा घेणार? गुणगुणीला बसवलं समोर. ही माझी नववीपासूनची विद्यार्थिनी. काम करताना हिचे ओठ सारखे हलत असतात, म्हणून हे नाव. कुठलं गाणं म्हणते देव जाणे. रेषा कच्ची आहे, पण सगळ्यांच्या आधी येते, जाताना माझेही ब्रश धुऊन ठेवते. हातात एक पुस्तक दिलं, तर तासभर हलली नाही — ओठ सोडून. चित्रात खाली मान घालून वाचणारी मुलगी, आणि भिंतीवर तिची सावली, ताठ उभी, दोन्ही हात पसरलेली. बरं जमलंय. खोटं कशाला बोलू, झकास जमलंय!

१३ मार्च, बुधवार
पहिला अर्ज! गुणगुणीचा. अजून कुणाचा असणार?

१५ मार्च, शुक्रवार
माझे चार. सरांचे सोळा!
त्यांच्या दाराशी ही गर्दी, आणि सगळे माझ्याच पोस्टरसमोर उभे! एकजण तर वहीत उतरवून घेत होता. जीव ओतून काढायला सांगितलं होतं कुणी? माझ्या हातानं माझ्याच पायावर धोंडा!
आई म्हणते, "मग जरा वाईट काढायचंस."
जमत नाही ना!

१८ मार्च, सोमवार
सर "नमस्कार बाई" म्हणाले. मी फळ्याकडे बघत राहिले. पोरकटपणा आहे, कळतंय मला. पण चार म्हणजे चार.

१९ मार्च, मंगळवार
मधल्या सुट्टीत दारात सात मुलं उभी. हातात अर्ज, त्यावर इंग्रजी खोडून चित्रकला केलेलं.
सरांनी म्हणे प्रत्येकाला जवळ बोलावून एकच प्रश्न विचारला, "इंग्रजी का?" या सातांचं उत्तर एकच — पोस्टर आवडलं. तर सर म्हणाले, "मग दार चुकलात. ते काढणाऱ्या बाई शेजारी बसतात."
अकरा झाले! अकरा! मला तिथंच रडू फुटलं. मुलांना सांगितलं, टर्पेंटाइन डोळ्यात गेलं. आणि या माणसाला मी काल नमस्कारसुद्धा केला नाही.

२० मार्च, बुधवार
आभार मानायला गेले आणि गणित डोक्यात शिरलं. सोळातून सात गेले. त्यांचे नऊच!
"सर, हे काय केलंत?"
"ती सात मुलं दोन वर्षं माझ्या वर्गात खिडकीबाहेर बघत बसली असती, बाई. आणि खिडकीबाहेर बघायला तुमच्याकडे मार्क मिळतात."
हसत होते, पण पेनचं टोपण दहा वेळा काढून दहा वेळा लावलं. उद्या दुपारी याद्या लागणार. जेवण गेलं नाही. आईनं नाडी बघितली.

२१ मार्च, गुरुवार
सकाळी मीही प्रत्येकाला विचारलं, "चित्रकला का?" दहाजणांनी रंगांचं, रेषांचं काहीबाही सांगितलं. गुणगुणीचे नुसते ओठ हलले. "मोठ्यानं बोल गं," म्हटलं. तर तिनं सरांचा परिच्छेद अख्खा म्हणून दाखवला, आणि त्याला जोडून इंग्रजीत चार वाक्यं. तिची स्वतःची. मला निम्मीच कळली, तरी अंगावर काटा आला. दोन वर्षं मी गाणं समजत होते!
तिचा हात धरला, अर्ज घेतला आणि शेजारच्या दारावर टकटक केलं.