दिवा घालवायची संध्याकाळ

५ नोव्हेंबर १९८६
दिवाळी आटोपली आणि मी एकदाचा सड्यावर, गावावरच्या या उघड्या कातळमाथ्यावर, येऊन पडलो! ठाण्याला अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या लेथवर घातलं. आता खोली माझी, कारखाना माझा आणि वारा फुकटचा. हर्णेच्या पुढचं हे लहानसं बंदर. विजेचे खांब अलीकडच्या गावातच दम खात बसलेत. बसू देत. माझ्या पवनचक्कीची पाती शिवणीच्या लाकडाची आहेत, मी स्वतः तासलेली. त्यांच्या मागे ट्रकचा डायनॅमो, खाली ओळीने बॅटऱ्या. संध्याकाळी बटण दाबलं, खोलीत लख्ख उजेड पडला आणि मी एकटाच टाळ्या पिटत हसलो. उद्यापासून होड्यांच्या इंजिनांची कामं घ्यायची.

११ नोव्हेंबर
कामं कसली घेतो, डोंबल! ग्राइंडर झकास फिरतो, ड्रिलही चालतं, पण गिऱ्हाईक एक नाही. गावातल्या बायका मला मासळीसुद्धा विकत नाहीत. चार बांगड्यांसाठी हर्णेपर्यंत तंगडतोड करतो. महिपत तांडेल म्हणून एक म्हातारे आहेत, गाव त्यांचं ऐकतं. त्यांनी तोंडावर सांगितलं की सड्यावर कोणी राहत नाही, तुम्हीही राहू नका. काल कोणीतरी दारात कुजकी मासळी ओतून गेलं. मीही काही कमी हट्टी नाही. आज पवनचक्कीच्या खांबावर मोठा बल्ब चढवला. बघा म्हणावं, सगळ्या गावाने बघा.

२० नोव्हेंबर
गावचा एक मचवा परत आला नाही. चौघं होते. माझ्याकडे चढणाऱ्या दगडी पाखाडीच्या पायथ्याशी गोदूबाई राहते, तिचा एकुलता एक धाकू त्यांच्यात होता. माणूस समुद्रातून यायचा राहिला की त्याच्या आईने किनाऱ्याच्या खडकावर दिवा लावायचा, त्याला वाट दिसावी म्हणून, अशी इथली रीत. म्हातारी रोज वाऱ्याशी झगडत कंदील पेटता ठेवते. बघून मला भडभडून आलं. रॉकेलचा डबा घेऊन गेलो, तर तिने डब्याला हात लावला नाही. पाठ फिरवून बसली.

१ डिसेंबर
दुपारी महिपत तांडेल स्वतः वर आले. आज अवस. आजपर्यंत जो आला नाही तो आता येणार नाही, असं धरायचं. तिन्हीसांजेला आईने आपल्या हाताने कंदील घालवायचा आणि ‘जा बाबा’ म्हणायचं. त्या संध्याकाळी गावात एकही वात पेटत नाही. कुठे उजेड दिसला तर बुडालेली माणसं त्यालाच घर समजून चालत येतात, आणि मग ज्याने दिवा लावला त्याचा पिच्छा सोडत नाहीत. म्हाताऱ्याने चक्क हात जोडले. म्हणाले, “आजच्या दिवस बत्ती घालवा वो, मिस्त्री.”

महिनाभर वाळीत टाकलं, दारात घाण ओतली, आणि आता हात जोडतात! बघतो म्हणालो. ते पाखाडी उतरले आणि मी मुद्दाम खांबावरचा बल्बही लावला.

खाली सगळं गाव काळंकुट्ट आणि वर एकटा मी उजळलेला. बरी जिरवली.

२ डिसेंबर
अंगणातल्या कातळावर पावलांचे ठसे. वाळून मीठ धरलंय त्यांवर. गावातल्या कोणाचा तरी चावटपणा.

३ डिसेंबर
चावटपणा नाही. तिन्हीसांजेला बल्बचा उजेड जिथे संपतो तिथे चौघं उभे होते. अंगावरून पाणी गळत होतं. नुसते दाराकडे बघत होते. मी घाबरून सगळे दिवे बंद केले, तशी पावलं अंधारातून सरळ आत आली. खाटेपर्यंत. कपाळाला गार हात लागला तेव्हा कुठे बटण सापडलं. उजेड पडताच मागे हटले. पुन्हा कडेला जाऊन उभे.

४ डिसेंबर
पळालो. दापोलीला लॉजवर. तिथली वीज गेली आणि दाराखालून खारं पाणी आत आलं. परत आलो. निदान इथला दिवा माझ्या हातात आहे.

५ डिसेंबर
महिपत तांडेलांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, उपाय एकच, आईने तुमचा तो दिवा ‘जा बाबा’ म्हणून आपल्या हाताने घालवायला हवा. चौघांत आई आहे ती एकट्या धाकूचीच. गोदूबाईच्या पाया पडलो. ती म्हणाली, घालवणार नाही. म्हणाली, करवंदीच्या जाळीआडून ती धाकूला रोज बघते. खंगलाय म्हणाली. वर म्हणाली की तुमच्यामुळे दिसला, उपकार झाले.

६ डिसेंबर
वारा पडला. पाती ढिम्म. बॅटऱ्या उतरत चालल्यात. खांबावरचा बल्ब बंद केला, आता फक्त खोलीतला. उजेडाची कड अंगणात आली — तेही आले.

७ डिसेंबर
वारा नाही. डायनॅमोला हँडल लावून हाताने फिरवतोय. तळवे सोलले. थांबलो की बल्ब लाल होतो. ते उंबऱ्याशी.

८ डिसेंबर
गोदूबाईला पुन्हा सांगितलं. रडलो तिच्यापुढे. आज दिवा विझला तर मी राहत नाही, म्हटलं. शेवटी येते म्हणाली. येणार! ‘जा बाबा’ म्हणणार —

आली. नवं लुगडं नेसून. बटणापाशी उभी आहे. बल्ब तांबडा झालाय, अक्षर दिसेना — लिहीत राहतो, तेवढाच धीर —

चौघं उंबऱ्याबाहेर. धाकू पुढे आहे. तिच्याकडे बघतोय.

म्हण ना, म्हातारे. दोनच शब्द —

दारात आडवी लावलेली फळी का काढतेस — अगं बटण, बटण —

तिचा हात बटणावर गेला. हसली त्याच्याकडे बघून. म्हणाली, ये बाबा, ये, आत ये —