मायच्या पोटातला गोळा

३ एप्रिल, बुधवार
नर्सिंगच्या पोट तपासणीच्या तोंडी परीक्षेत वर्गात पहिली! पंकजा मॅडम मराठीत लक्षण सांगायच्या, मी धडाधडा इंग्रजी नाव. गिळायला त्रास — डिस्फेजिया. डांबरासारखा काळा संडास — मेलेना. पोटात पाणी — असायटिस. एकही चुकलं नाही.
मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "राजेश्री, पाठांतर चांगलं आहे. पण पेशंटची तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची. आपल्या नाही."
लागलं थोडं. पण पहिली ती पहिलीच.

७ एप्रिल, रविवार
होस्टेलवरून सोनपेठची एसटी धरून घरी. माय-दादा ऊसतोडीहून येऊन पंधरा दिवस झाले. तोडीवरून माणूस वाळूनच येतं, पण माय ओळखू येईना. दंडावर ब्लाउजची बाही लोंबायलीय, पोट तेवढं पुढं आलंय.
मी वही काढली. मायला हसू आलं. "माझीच परीक्षा घ्यायलीस का?"
"सांग की माय. काय होतंय?"
"चार महिने झाले, गोळा उठतोय बाई पोटात. हिकडून उठतो, तिकडं सरकतो. गुडगुड करतो अन् जिरून जातो. सांजच्याला कणकण बी येती."
लिहिलं — पोटात मास, म्हणजे गाठ. भूक नाही. वजन कमी. कणकण लिहिली नाही. उसाच्या फडातून आल्यावर कुणाला येत नाही?
मग तिच्या डोक्याला तेल लावायला बसले. मान चोळताना बोट डाव्या गळपट्टीच्या हाडामागच्या खळगीत गेलं. हरभऱ्याएवढी गाठ. टणक. दाबली तर दुखंना.
पुस्तकात ही चौकट टाकून छापलीय — वर्चोज नोड. पोटातल्या कॅन्सरची खूण.
मायला म्हटलं, "कोंडा लय झालाय तुझ्या डोक्यात."

१० एप्रिल, बुधवार
मायला परभणीला आणून भरती केलं. सर्जरीचे धम्मानंद सर आले. तिला कुशीवर वळवून बोटानं पोट वाजवून पाहिलं. पाणी आहेच. मग विचारलं, "मावशी, नेमका त्रास काय?"
मीच बोलले — "सर, चार महिन्यांपासून मास आहे."
माय काहीतरी सांगायला गेली. "थांब माय, मी सांगते की."
सरांनी परत दाबून पाहिलं. "पोटात माझ्या हाताला गाठ लागत नाही." पाण्यामुळं लागत नसंल, मी मनात म्हटलं. मोठ्यानं कशाला बोलू!
गळ्यातल्या गाठीचा तुकडा काढून बाहेर तपासायला पाठवला. रिपोर्टला पंधरा-वीस दिवस.
"दोन-तीन शक्यता आहेत," सर म्हणाले. "रिपोर्ट येईपर्यंत कशाचंच नाव घेऊ नका."

१३ एप्रिल, शनिवार
दादांनी वॉर्डाबाहेर गाठलं. "डॉक्टर काय धड सांगंना. तू शिकलीस पोरी. तू सांग."
सांगायला नको होतं का? पण दादांशी खोटं कसं बोलू!
"कॅन्सर हाय दादा. पसरलाय."
दादा तिथंच फरशीवर बसले. म्हणाले, "मंग हितं टोचून टोचून कशाला हाल करायचे तिचे? घरी नेऊ."
सरांनी अडवून पाहिलं. "आठ दिवस तरी ठेवा."
"आमची लेक नर्स हाय सायब. तिनं सांगितलंय."
सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिले. दादांनी घरी न्यायच्या कागदावर सही केली.

१६ एप्रिल, मंगळवार
मॅडमना फोन करून सुट्टी वाढवून घेतली. मायनं विचारलं, "मला काय झालंय ग?" अल्सर म्हटलं. "मंग रडायलीस कशाला?"

१८ एप्रिल, गुरुवार
माय म्हणाली, "तुजा दवाखान्यातला डरेस घालून दाव." घातला. ती उशीला टेकून बघत राहिली. "माज्या हातात कोयता, तुज्या हातात सुई. बरं झालं बाई." शेजारच्या पारूबाईला हाक मारून बोलावलं, दाखवायला.
न्हाणीत जाऊन रडले.

२१ एप्रिल, रविवार
आज दुधात कुस्करून अर्धी भाकर खाल्ली मायनं! दादा गल्लीभर सांगत फिरले.

२४ एप्रिल, बुधवार
सकाळी दहाला माय एकदम ओरडली. पळत गेले. पोट लाकडाच्या फळीसारखं. हात लावू देईना, गुडघे पोटाशी, अंगाला गार घाम. बोर्ड लाईक रिजिडिटी — आतडं फुटल्याची खूण. त्यापुढं पुस्तकात एकच ओळ आहे — तातडीनं ऑपरेशन.
दादांच्या हातात मोबाईल. "गाडी बोलावू?"
मला वाटलं, कशासाठी? फाडून पुन्हा तेच सापडणार. परभणीपर्यंत ते धक्के, त्या नळ्या — आणि शेवटी तेच.
"नको दादा. शेवटचं हाय. हितंच राहू द्या तिला."
दादांनी मोबाईल खिशात ठेवला. माझं ऐकलं.
दुखायची गोळी पाण्यात विरघळवून पाजली. उलटून पडली. मायनं माझं मनगट धरलं. "राजे, फुटलं ग कायतरी आत."

२५ एप्रिल, गुरुवार
माय गेली. दुपारी. मनगटावर तिच्या नखांचे वळ आहेत.

१ मे, बुधवार
माणसं येऊन बसतात. पारूबाई म्हणाली, "पोरीनं शेवटपर्यंत केलं." दादा प्रत्येकाला सांगतात — "डॉक्टरच्या आधी हिनं वळखलं. हात लावताच वळखलं." सांगताना त्यांचा कणा जरा ताठ होतो. तेवढाच आधार राहिलाय त्यांना.

६ मे, सोमवार
धम्मानंद सरांचा फोन. आनंदात होते. "राजेश्री, कॅन्सर नाही! टीबी आहे. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. आईला उद्याच घेऊन ये."
दादा अंगणातून विचारायलेत — कुणाचा फोन व्हता?