तिसऱ्या खोलीचा दिवा

सोमवार
नोकरी लागली, तीही बसून करायची! संशोधन केंद्रात मदतनीस. मोबाइलच्या, टॉवरच्या लहरींनी ज्यांचं डोकं ठणकतं, अंग भाजतं, अशांवर इथे प्रयोग चालतो. तांब्याच्या जाळीने मढवलेल्या तीन खोल्या. बाहेरची लहर आत शिरत नाही. प्रत्येकीत खुर्ची, लहरी सोडणारी पेटी आणि एक बटण. पेटी कधी चालू, कधी बंद. ते ना बसणाऱ्याला कळतं, ना मला, ना प्रयोग चालवणाऱ्या मॅडमना. त्रास होईल तोवर बटण दाबून धरायचं, की माझ्या टेबलावर त्या खोलीचा दिवा लागतो. मी दिवे बघायचे. बाबा म्हणाले, बघ हो, पण लावू नकोस.

ही नोकरी मी धरली ती बारकीसाठी. माझी धाकटी बहीण दोन वर्षं पडदे ओढून पडून आहे. कॉलेज सुटलं, मैत्रिणी पांगल्या. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट स्वच्छ. शेजारणी म्हणतात, लग्न लावून द्या, आपोआप बरी होईल. त्यांच्या तोंडाला कोण लागणार! कोणीतरी तिला नीट तपासावं, एवढंच मला हवंय. या प्रयोगात तीही बसणार आहे.

गुरुवार
बारकी पहिल्या खोलीत, तिच्यासारखाच त्रास असलेले एक शिंपीकाका दुसरीत. काकांनी विजेचं मशीन विकून पायाचं घेतलंय. म्हणतात, गुडघे गेले, पण डोकं वाचलं. मला काचेतून दोघंही दिसतात. त्यांना एकमेकांचा पत्ता नाही. तरी त्यांचे दिवे आज एकदम लागत होते आणि एकदम विझत होते. आनंदाने मी डबा खायचीच विसरले. माझी बहीण ढोंगी नाही!

मंगळवार
मॅडमनी पेट्यांची माहिती उघडली. दिवे लागले तेव्हा पेट्या बहुतेक वेळा बंद होत्या. मी चिडून विचारलं, मग दोघांना एकाच क्षणी झालं ते काय? त्या म्हणाल्या, आपला प्रश्न पेटीपुरता होता, त्याचं उत्तर मिळालं. पुढचं शोधायला वेगळं संशोधन हवं, आणि त्याला वरून नकार आलाय. ठरलेल्या बैठका संपवून या आठवड्यात गाशा गुंडाळायचा. बारकीला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

बुधवार
दोन दिवे लागले. पाठोपाठ तिसराही.

तिसऱ्या खोलीत कोणी बसत नाही. तिला कुलूप असतं. उघडून पाहिलं, तर बटण आत दाबलेलं आणि खुर्चीची गादी खोलगट. माझ्या डोळ्यांदेखत गादी हळूहळू वर आली.

बारकीला म्हणे आज फार सोसवलं नाही. परतताना रिक्षात माझा हात सोडत नव्हती.

गुरुवार
दुपारी मी त्या खुर्चीसमोर उभी राहिले. वेड्यासारखी मोठ्याने म्हणाले, तिला सोड. हवं तर मला धर.

काही झालं नाही. हसूच आलं स्वतःचं.

शुक्रवार
बारकीने सकाळी पडदे उघडले! बाबांचा मोबाइल कानाला लावून मैत्रिणीशी बोलत बसली. आई रडली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं.

मी मोरीत ओकून आले. कानशिलं चरचरतात. कोणाला सांगितलं नाही. तिला तर नाहीच.

शनिवार
बल्बखाली बसवत नाही — भिंतीतल्या तारासुद्धा कळतात — मॅडम म्हणाल्या, रजा घे. केंद्र रिकामं झालं. जाळीच्या खोलीत तरी बरं वाटेल म्हणून तिसरीत आले. किल्ली बाहेर दारालाच राहिली.

इथे जास्त आहे. बाहेरून येतच नव्हतं. ते इथेच —

खुर्चीवर मी बसलेय. माझ्याशेजारी गादी दबतेय —

बारकी आली! मला न्यायला आली. काचेतून दिसतेय. मी बटण दाबून धरलंय. दिवा लागला. तिने पाहिला.

दाराजवळ आली. थांबली. पांढरीफटक पडली. मी आत काय सोसतेय ते तिच्याएवढं कोणाला —

रडतेय ती. ताई, माफ कर, म्हणतेय. ओठांवरून कळतं. तिला ते परत नकोय. म्हणून ती बाहेरून किल्ली फिरवतेय —