अकरा खिळ्यांचं स्टूल

सोमवार, ४ ऑगस्ट
आमच्या निवासी शाळेत सकाळी पुस्तकं, दुपारी हत्यारं. मुलांचं ठीक आहे हो. पण गणिताच्या मास्तरालाही नोकरीत कायम व्हायचं तर स्वतःच्या हातानं एक स्टूल करून दाखवावं लागतं, हे आज कळलं. खिळा एकही नाही, नुसत्या खाचा. मुदत तीन आठवडे. नाही जमलं तर नोकरी गेली, क्वार्टर गेलं, बिऱ्हाड सासऱ्यांच्या दारात. बायकोला म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! भूमिती कोण शिकवतं?

बुधवार, ६ ऑगस्ट
वर्कशॉप पाहिलं. मशीनची करवत सुरू झाली आणि मी बाहेर आलो. घाबरून नव्हे, फोन आला म्हणून. (फोन क्वार्टरवर होता, पण ते असो.) सुतारमास्तरांची बोटं मोजली. साडेनऊ.

शनिवार, ९ ऑगस्ट
ड्रॉइंग पूर्ण. अप्रतिम. उद्यापासून रोज दोन तास काम.

गुरुवार, १४ ऑगस्ट
कामाला सुरुवात. मशीन नकोच, हातकरवतीत खरी कला. खाच कोरताना पटाशी सटकली, अंगठा थोडक्यात बचावला. ती लगेच पेटीत ठेवली. धार जपायला हवी. पाय खाचेत बसवला तर खुळखुळतो. लाकूडच हलकं दिलंय.

मंगळवार, १९ ऑगस्ट
बायकोनं विचारलं, सामान बांधायला घेऊ का? थट्टेनंच विचारलं. मला दरदरून घाम फुटला.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
ठोकले. अकरा. डोकी दिसू नयेत म्हणून वरून लांबी भरली, त्यावर पॉलिश. ही फसवणूक नाही, बसणाऱ्याची काळजी आहे. ब्रह्मदेवालासुद्धा कळायचं नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट
भर हॉलमध्ये सुतारमास्तरांनी खिशातून लोहचुंबक काढला. दर वर्षी काढतात म्हणे. पोराटोरांना ठाऊक, मलाच नाही! टक्. टक्. नववीचा वर्ग मोठ्यानं मोजत होता. अकराला टाळ्या.

आणि माझ्या तोंडातून भलतंच निघून गेलं. करवतीची भीती वाटते, तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही, मला घालवू नका. सगळ्यांसमोर! सुतारमास्तर म्हणाले, भीती त्यांनाही वाटते, मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. मुख्याध्यापकबाईंनी सहा महिने वाढवून दिले. उद्यापासून दुपारी पाचवीच्या वर्गात बसायचं, ॲप्रन घालून.

अपमानच आहे. पण पाचवीला मशीनजवळ फिरकायची सक्त मनाई आहे, हे ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. भुसा गेला असेल. हॉलमध्ये.