डावीकडच्यानं सांगायचं

प्रिय पृथ्वीराज,

बरा असशील, असं लिहिणार होते. पण ते वाक्य मुद्दाम गाळलंय. का, ते पुढं येईलच.

आपल्या फाशांच्या खेळासाठी तू पाठवलेले जखमा भरण्याचे नवे नियम वाचले आणि डोकंच फिरलं माझं. म्हणे, जखमी योद्ध्यानं एकट्यानं गुहेत झोपायचं आणि सकाळी उठायचं, की सगळे प्राण भरले! ना वैद्य, ना मलमपट्टी, ना सोबती. अरे, मग टेबलाभोवती जमायचं कशाला? ज्यानं त्यानं आपापल्या घरी फासे टाकावेत आणि झोपावं की.

आणि डावीकडच्याचा नियम सरळ काढूनच टाकलास? तो तर तुझाच होता. गल्लीतल्या तालमीत उदयसिंह वस्ताद कसं करायचे, ते तूच आम्हाला रंगवून सांगितलं होतंस. खांदा दुखावलेला पैलवान मी बरा हाय म्हणून कितीही छाती ठोकू दे, वस्ताद त्याच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. त्याच्या जोडीदाराला विचारायचे. जोडीदारानं खांदा दाबून, फिरवून बघायचा आणि मग सांगायचं. तोवर मातीत उतरायचं नाही. त्यावरून तू नियम केलास, की खेळात जखमी झालेल्यानं स्वतःला बरा म्हणायचं नाही, त्याच्या डावीकडं बसलेल्यानं म्हणायचं. यानं खेळ रेंगाळतो, असं आपल्या टेबलावरचा ऋतुराज म्हणाला, तेव्हा केवढा भांडला होतास! मिसळ गार झाली तरी हटला नव्हतास.

म्हणून मला वास आला. आधी वाटलं, पुण्यातल्या कुठल्या तरी कंपनीला खेळ गुपचूप विकतोयस, त्यांना सगळं सोपं आणि झटपट पाहिजे असणार. मग वाटलं, तिकडं नवी मंडळी मिळाली, आता कोल्हापूरच्या टेबलाची कशाला आठवण येतीय? लई राग आला, खोटं कशाला सांगू. मनातल्या मनात शिव्याही घातल्या. आणि मग पाळतच ठेवली तुझ्यावर.

तुझे नकाशे यायचे बंद झालेत. आपल्या खेळातला प्रत्येक गड, प्रत्येक घाट तुझ्या पेनातून उतरलेला. आणि यावेळी टाइप करून पाठवलंस, इथं टेकडी आहे असं समजा. तू, आणि टेकडी काढल्याशिवाय राहशील? व्हिडिओवर खेळताना तुझा कॅमेरा हल्ली फक्त टेबल दाखवतो. मागच्या रविवारी तू फासे डाव्या हातानं टाकलेस आणि ते टेबलाखाली गेले. सगळे हसले. मी नाही हसले.

परवा तुझ्या आईकडं गेलते. आक्का म्हणाल्या, पोरगं येतच न्हाय बघ, काम लई हाय म्हणतंय. कसा हाईस विचारलं की बरा हाय म्हणतंय आणि फोन ठेवतंय. पुन्हा तेच, बरा हाय!

मग तुझ्या खोलीवरच्या मोहितला फोन लावला. आधी त्यानं लई आढेवेढे घेतले. मग मी जरा कोल्हापुरी आवाज लावला, तसं सगळं ओकला. गाडी घसरली. उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. बोटं अजून पेन धरण्याइतकी मिटत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम तू सोडून दिलायस आणि दार लावून पडून असतोस.

म्हणजे ही तुझी गुहा होय! नियम खेळासाठी नव्हताच. एकट्यानं झोपलं की आपोआप बरं व्हावं, असं तुलाच वाटत होतं. वेड्या, फोन ठेवून तो नियम पुन्हा वाचताना रडू फुटलं मला. आणि तुझा रागही आला, तो अजून गेलेला नाही.

तर ऐक. तुझा नवा नियम मला मान्य नाही, एवढं कळवायला हे पत्र. रविवारी सकाळच्या एसटीनं येतीय. फासे आणतीय, कोरे कागद आणतीय. आक्कांना मी काही बोललेली नाही, त्यांना तूच सांगायचं. चिड, रड, काय करायचं ते कर, पण दार उघड. मी तुझ्या डावीकडं बसणार, तुझा हात हातात घेऊन एकेक बोट मिटवून बघणार. रोज व्यायाम करून घ्यायला मोहितला दमात घेणार. आणि मी सांगेपर्यंत तू बरा न्हाईस, कळलं?

तुझीच, डावीकडची,
संयोगिता